निर्दोष स्टिअरिंग

“अपघात चालकाच्या चुकीने घडला, स्टिअरिंग निर्दोष होते,” असे चौकशी अहवाल सांगतो. सोबत चाचणीचा दाखला जोडला आहे. दाखला खरा आहे. चाचणी रिकाम्या ट्रेलरवर झाली, एवढेच लिहायचे राहून गेले. तुळशीराम मस्के ज्या ट्रेलरसह दरीत गेला, त्यावर चाळीस टन पोलाद होते.

“वळताना स्टिअरिंग जड जातं,” असे त्याने ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्याला तीनदा लिहून दिले होते. “मामा, दंड थकले तुमचे!” म्हणत कारखाना हसला होता.

‘चूक’ हा शब्द पुसून घ्यायला आलेल्या त्याच्या पत्नीने सुनावणीत स्टिअरिंगचा आराखडा करणाऱ्या कारखान्याच्या अभियंत्याला विचारले, “साहेब, भरलेली गाडी एकदा तरी वळवून बघितली होती का?”

त्याचे उत्तर नोंदले गेले: “बघितली होती, ताई. वळली नाही. म्हणून रिकामी करून पुन्हा चाचणी घेतली.”