सात रात्रींचं निम्मं

सात रात्रींचं निम्मं होत नाही, तिथेच गाडं अडलं होतं.

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात टेबलाच्या अलीकडे नवरा-बायको, पलीकडे बुकिंगवाल्या बाई. मधे दोन रंगीत पुस्तिका. एकीवर शहर, दुसरीवर बेट. नवऱ्याने शहराच्या पुस्तिकेवर कोपर रोवलं होतं, जणू ती कोणी पळवणार होतं.

"शहराला चार, बेटाला तीन," तो म्हणाला. "त्यात काय वावगं आहे?"

"मग बेटाला चार करा की," बायको म्हणाली. "त्यात तरी काय वावगं आहे?"

या दोघांचं पंचवीस वर्षं सगळं निम्म्यावर मिटत आलं होतं. लग्नानंतर पहिलीच जुंपली ती पंख्यावरून. तेव्हा ठरलं, अर्धी रात्र चालू, अर्धी रात्र बंद. मग कपाट निम्मं, रविवार निम्मे. मुलीचं नावसुद्धा दोघांच्या आयांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं. शेजारीपाजारी कौतुक करायचे, यांच्या घरातून कधी आवाज म्हणून बाहेर येत नाही. खरं होतं ते. हल्ली तो आतही नव्हता.

मुलगी शिकायला परगावी गेली, तशी दोघांतली उरलीसुरली बोलणीही तिच्याबरोबर गेली. सहलीचा आग्रह तिचाच. "आई, मी फोन केला की तुम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांतून बोलता गं," असं ती म्हणाली आणि ते आईच्या मनाला लागलं. आईचं कपडे धुवून इस्त्री करून द्यायचं दुकान होतं. दिवसभर वाफेत उभं राहून तिने एकच विचार केला होता. समुद्राकाठी बसलो, हाताला काम नसलं, तर हा माणूस पुन्हा बोलायला लागेल. सरळ सांगायचं तर तिला नवरा परत हवा होता. बेट नुसतं निमित्त.

"अहो, तुमच्या शहरात मी करू काय?" ती म्हणाली. "तुम्ही वर कमानी बघत चालणार आणि मी मागून पाय ओढत येणार."

"आणि तुझ्या बेटावर मी काय करू? वाळू चाळत बसू?" तो इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात होता. भिंत नसलेली जागा त्याला जागाच वाटत नसे.

बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला. असली भांडणं त्यांच्या टेबलावर रोजचीच. "मग असं करा ना," त्या हसत म्हणाल्या, "साहेबांना सातही रात्री शहर, मॅडमना सातही रात्री बेट. कुणाचंच मन मोडायला नको."

तिघंही हसले. नवऱ्याचं हसू जरा जास्त वेळ टिकलं.

"गमतीतच म्हणतोय हं," तो म्हणाला, "पण तसं असतं ना, तर मी उजाडायच्या आत पुलावर गेलो असतो. तो नदीवरचा जुना, लोखंडी. गर्दी व्हायच्या आधी बघायला हवा तो. मग रेल्वे स्टेशन. त्याचं छप्पर कागदावर उतरवायला अख्खा दिवस लागेल. एका कोपऱ्यात बसायचं, वही काढायची. जेवायला चला, उशीर झाला, असलं काही नाही..." बोलता बोलता त्याला भान आलं आणि तो थांबला.

त्याला सलग इतकं बोलताना तिने वर्षभरात ऐकलं नव्हतं. खरं तर तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. तिच्याच तोंडून निघून गेलं, "मी तर आधी झोपेन पोटभर. ऊन वर आलं की उठेन. केस ओलेच ठेवून फिरेन. कुणाचा डबा नाही, कुणाचे शर्ट नाहीत. आणि पडल्या पडल्या 'चल आता' म्हणणारं कोणी नाही!"

"खोली समुद्राकडची घे हं," तो म्हणाला. "तळमजल्यावरची नको, ओल असते."

"तुम्हीपण स्टेशनजवळ घ्या, पायपीट वाचेल. आणि रात्री दिवा लावून खुशाल वाचत बसा."

तो हसला. पुस्तिका उलटताना त्याचा हात तिच्या हातावर आला आणि तसाच राहिला. दोघांची डोकी जवळ आली. तो तिला खोल्या दाखवत होता, ती त्याला हॉटेलं. इतक्या मोकळ्या मनाने त्यांनी एकमेकांना आजवर काही दिलं नव्हतं. तिला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. ज्याला परत आणायला आपण निघालो, त्याला आपण हसत हसत वाटेला लावतोय. आणि तोही हेच करतोय.

बाईंनी ती थट्टा खरीच धरली असावी. त्यांची बोटं कीबोर्डवर चालू लागली होती. "जाताना विमान एकच," त्या स्क्रीनकडे बघत पुटपुटल्या. "उतरलात की साहेब टॅक्सीने शहरात, मॅडम बोटीने बेटावर. मस्त जमतंय हो! दोन खोल्या, एकेकाच्या."

तो नको म्हणेल, असं तिला वाटलं. तो मान डोलावत स्क्रीनकडेच बघत होता.

"आणि परतीचं?" बाईंनी विचारलं. "एकत्रच काढायचं ना?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने नवऱ्याकडे. दुसऱ्याने 'हो' म्हणावं म्हणून दोघंही थांबले.

ऐकू गेलं नसेल असं वाटून बाईंनी तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने विचारला.