कुणावाचून

"चौघांना बोलाव, यांना खांदा द्यायचाय," नवऱ्याच्या शवपेटीशेजारी उभ्या कुमुदताई मुलाला म्हणाल्या.

"चौघं कुठून आणू, आई?" तो हळूच म्हणाला. "आणि इथे खांदा लागत नाही. चाकांची गाडी असते."

नवऱ्याने सांगली सोडली ती पैशासाठी नव्हे. तिथल्या भावकीला, येताजाता नाक खुपसणाऱ्या शेजाऱ्यांना ते विटले होते. टेक्सासला गळका नळ ते स्वतः बदलायचे, घराला रंगही स्वतःच द्यायचे आणि हात झटकत म्हणायचे, "बघ, इथे कुणावाचून काही अडत नाही."

दहनगृहाच्या माणसाने एका हाताने गाडी ढकलली. गुळगुळीत फरशीवरून ती अलगद आत गेली.

"खरं होतं हो तुमचं," कुमुदताई बंद दाराकडे बघत म्हणाल्या. "काही म्हणजे काही अडलं नाही."