त्या डब्यातली साखर

"अश्लेषा, ह्यांना विचार, चहात साखर घालू का?"

'हे' म्हणजे श्रीरंगआजोबा. आजीपासून दोन हातांवर, त्याच सोफ्यावर बसलेले. डिसेंबरातली रविवारची दुपार. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या क्वार्टरमध्ये ऊन कसंबसं बाल्कनीपर्यंत आलेलं. आजोबांनी मुद्दाम पातळशी शाल ओढून घेतली होती आणि सगळ्यांना दिसेल असं कुडकुडत होते.

"तुझ्या आजीला सांग, त्या डब्यातली नको."

तो डबा नवा होता, स्टीलचा, चकचकीत. मंगळवारी कुसुमावतीआजीने आजोबांचा जुना तपकिरी स्वेटर बोहारणीला देऊन तो घेतला होता. आजोबांना न विचारता. त्यात साखर भरली आणि घरात अबोला सुरू झाला. पाच दिवस आजोबा बिनसाखरेचा चहा पीत होते, तोंडसुद्धा वाकडं न करता.

"तुमची कट्टी संपणार कधी यार?" निरोप पोचवून पोचवून अश्लेषा कंटाळली होती. सातवीतली पोर, तिचं स्वतःचं संकट वेगळंच होतं. तिने वर्कशीट आजीपुढे सरकवलं. "आधी गोष्ट सांग. घरातलीच हवी. उद्या मॅमना द्यायचीय."

कागदावर तीन चौकोन होते. कॅरेक्टर, कॉन्फ्लिक्ट, प्लॉट.

"आणि कॉन्फ्लिक्ट पक्का पाहिजे हं. मागच्या वेळी मॅमनी तिथे लाल गोल केला. म्हणाल्या, सगळे खूश आहेत, मग गोष्ट कुठाय?"

"शहाणी आहे तुझी मॅम," आजी म्हणाली. तिने एकदा शालीकडे पाहिलं आणि पाय वर घेऊन नीट बसली. "लिही. कॅरेक्टर, तुझे आजोबा."

शाल जरा हलली.

"लक्ष्मीबाई नगरात राहायचो तेव्हाचं. असं धुकं, असं धुकं, की मी दोरी नसताना टॉवेल वाळत घातला. नुसत्या धुक्यावर. संध्याकाळपर्यंत तिथेच होता."

"आजी!"

"तू लिही ना. तर हे ऑफिसातून निघाले. सरकारी क्वार्टरं सगळी सारखी. तोच जिना, तोच हिरवा दरवाजा. शिरले की दुसऱ्याच्याच घरात! चपला काढल्या, हात धुतले, टेबलाशी बसले. तिथल्या बाईंनी पराठे वाढले, ह्यांनी मान खाली घालून चार खाल्ले. त्यांच्या मुलाचं गणित तपासलं. दोन चुका काढल्या. मग भाजीत गूळ नाही म्हणून चिडले आणि तेव्हा कुठे वर बघितलं. तर समोर कोण? ह्यांचे बडे साहेब! म्हणतात, श्रीरंगजी, वो फाइल लाए क्या?"

अश्लेषा हसता हसता लिहीत होती. कॉन्फ्लिक्टच्या चौकोनात तिने 'धुकं' लिहिलं, मग पेन्सिल चावत थांबली.

"पण आजोबांना हवं काय होतं? मॅम म्हणतात, कॅरेक्टरला काहीतरी हवं असतं आणि ते त्याला मिळत नाही."

"हवं काय असणार? पाचवा पराठा."

"साफ खोटं!"

शाल खाली पडली. आजोबा ताठ बसले होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मसुद्यांवर दुरुस्त्या केलेला माणूस.

"तुझ्या आजीला सांग, मी एक घाससुद्धा खाल्ला नव्हता."

"ह्यांना सांग, चार खाल्ले. मला त्या बाईंनीच सांगितलं."

"कुठल्या बाई? घरात बाई नव्हती, मूल नव्हतं, आणि साहेब तर पंडारा रोडला राहायचे! एकटेच एक गृहस्थ होते. बत्ती गेली होती म्हणून अंधारात बसलेले. मी चपला काढल्या, आत दोन पावलं टाकली आणि मागे फिरलो. बस्."

"पण अंधारात कसं कळलं, दुसऱ्याचं घर आहे ते?" अश्लेषाने विचारलं.

आजोबांनी हातातला चहाचा कप गोल फिरवला.

"कोणी बोललं नाही," ते म्हणाले. "मी जरा वेळ उभा राहिलो. उशीर का झाला, डबा ऑफिसात विसरलात का, पाय पुसलेत का, कोणी काही विचारेना. म्हटलं, हे आपलं घर नव्हे."

एरवी आजीने इथे गोष्टीत एखादा वाघ नक्की आणला असता. पण ती शालीची घडी घालत बसली. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

अश्लेषाने दोघांकडे पाहिलं. मग हाताचा आडोसा करून 'धुकं' खोडलं आणि तिथे 'डबा' लिहिलं.

चहा केव्हाच गार झाला होता. आजोबांनी तरीही एक घोट घेतला. पाच दिवसांत पहिल्यांदाच तोंड वाकडं केलं.

"घाल चमचाभर साखर."

अश्लेषा सवयीने वळली. "आजी, आजोबा म्हणतायत की..."

"ऐकलं मी."

आजीने टीपॉयवरचा साखरेचा डबा ओढला. झाकण नवं, घट्ट बसलेलं. तिने ते उघडायला डबा आजोबांपुढे धरला.