दुमड नसलेला लॅपटॉप

सुधीरनं लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, “ह्याला दुमड कुठंय?”

नारपोलीच्या लॅपटॉपच्या दुकानातला दीपेश बघतच राहिला. त्याला काय ठाऊक! शाळेत कारकून असलेल्या ह्या सुधीरच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. पहिलीत शिवलेल्या चड्डीची दुमड दरसाल बोटभर उसवत सुधीर थेट मॅट्रिक झाला, आणि वर तीच चड्डी वाढत्या अंगाची म्हणून धाकट्या भावाला दिली. लेकीचा, दिशाचा, रेनकोट तर असा, की वर्गातल्या चार पोरी त्यात शिरून घरी यायच्या.

आता दिशा कापडाचं डिझाइन शिकायला निघाली होती. कॉलेजच्या सरांनी बजावलं होतं, मेमरी सोळा जीबीची हवी, आठात डिझाइन अडकून बसतं. पण सोळाची किंमत ऐकून सुधीरला घाम फुटला. लॅपटॉप काय तो एकदाच घेता येणार होता, तोही हप्त्यावर.

“आत्ता आठचा दे,” तो म्हणाला. “लागेल तशी पुढं वाढवू.”

“काका, वाढत नाय ती. बोर्डावरच झाळून टाकलेली असते. म्हणून तर एवढा पातळ, एवढा फास्ट.”

“आणि बिघडली तर?”

“अख्खा बोर्ड बदलायचा. तेवढ्यात नवाच येतो.”

“म्हणजे पहिल्या दिवशी जेवढा, मरेपर्यंत तेवढाच?”

“हां. पोरीला सांगा, बेताबेतानं शिक.”

मागं उभ्या दिशाचा चेहरा पडला. सुधीर मात्र पेटला. शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाला, “अरे, हा लूम बघ! मालकाच्या आजोबाच्या वेळचा एक खिळा त्यात उरला नाही, तरी लूम आजोबाचाच! आणि हे? जे दुरुस्त होत नाही, वाढत नाही, ते घरात घेतं तरी कोण?”

दीपेशनं हप्त्यांचा कागद पुढं सरकवला. सुधीरचा आवाज खाली आला. “जाऊ दे. आठचाच बांध. पुढचं पुढं बघू.”

इतका वेळ पर्स मांडीवर धरून बसलेली त्याची बायको, विद्युल्लता, स्टुलावरून उठली.

“दीपेश, सोळाचा बांध. पुढं वाढतील म्हणून माझ्या वडलांनी ह्यांना पसंत केलं होतं. पोरगी कॉलेजात निघाली, हे अजून आठावरच आहेत.”