परगावी गेलेला जावई

"हे पान मी टाइप करणार नाही," बायको म्हणाली आणि तिने कागद टेबलावर पालथा घातला.

कादंबरीकार दारातच थबकला. सहाच्या आत प्रकरण साप्ताहिकाकडे जायला हवं होतं. टाळेबंदी लागल्यापासून टायपिस्ट स्वतःच्या घरी अडकलेला, आणि कादंबरीकाराला कळफलकावर स्वतःचं नाव उमटवायलाही चष्मा आणि पाच मिनिटं लागत. त्यामुळे शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेली बायको रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसायची. त्याचं अक्षर लागणारी तीच एक उरली होती.

"काय खुपलं?"

"आजी मरते."

"महामारीवरची कादंबरी आहे. लग्नपत्रिका नव्हे."

"आजीला दमा आहे. झोपताना ती चष्मा डाव्या चपलेत ठेवते, म्हणजे उठल्यावर सापडतो." बायको संगणकाकडे बघूनच बोलत होती. "माझी आई अकरा दिवस दवाखान्यात आहे. चपलेत चष्मा ठेवणारी दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही."

दवाखान्यात कुणाला सोडत नव्हते. रोज पाचला तिथल्या नर्सचा फोन यायचा, 'कालच्यासारखंच आहे' एवढं सांगायचा आणि बंद व्हायचा. त्याआधी दहा मिनिटं बायको डोळे मिटून बसायची. तेवढ्यातच कादंबरीकाराला नेमकी तहान लागायची. माठापाशी जाता जाता तो विचारायचा, "लागली का वरची लाइन? की तिथेही सगळे कर्मचारी व्यस्त?" देव ही माणसाने लिहिलेली पहिली कादंबरी, आणि संपादकाचा हात न लागलेली, हे त्याचं वाक्य व्यासपीठावर हमखास टाळ्या घ्यायचं. बायको पहिल्या रांगेत त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. तीही वाजवायची, पिशवी सांभाळून.

"तुझ्या डोळे मिटण्याने कुणी जगत नाही," तो म्हणाला, "आणि माझ्या लिहिण्याने कुणी मरत नाही. शाई आहे ती."

"शाईच ना?"

तिने टेबलावरची वही ओढली. नात्यांत घोळ नको म्हणून ती प्रत्येक कादंबरीतल्या माणसांची हजेरी ठेवायची. जुनी सवय.

"घरात माणसं सात. थोरला मुलगा, पान चौदा, ताप. सून, पान वीस, ताप. दोन नातवंडं, पान एकोणतीस, दोघांना एकाच ओळीत उरकलंत. आजीची मुलगी, पान सत्तेचाळीस, ताप, श्वास अपुरा. तिच्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. मुकाट टाइप केलं." तिने बोट खाली सरकवलं. "जावई. गैरहजर."

"तो परगावी आहे."

"पान तीनपासून. टाळेबंदीच्या आदल्या दिवशी बरोबर निघाला. कामाला गेला म्हणता, काम कसलं ते आठ प्रकरणांत सापडलं नाही. तिकडे त्याला स्वतंत्र खोली, मोठी खिडकी, शेजार नाही. जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवून जातात, तो पुसून आत घेतो." तिने वही मिटली. "तो घोरतो. पुस्तकाचं पान दुमडतो. आणि देवाचं नाव काढलं की हसतो. हाही माणूस मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो."

"सांगायला कुणीतरी मागे उरावं लागतं. कथानकाची गरज असते."

"मग गरज थोडी भागवा. आणा त्याला घरी. आजीच्या उशाशी बसवा आणि ताप चढवा. एक ओळ. ती आली की आजीचं पान मी दहा मिनिटांत टाइप करून देते."

तो हसला. "खुळचट अट आहे."

"आहेच. तुम्हाला तर सोपी जायला हवी."

त्याने कोरा कागद उचलला आणि तो आत गेला. दार उघडंच राहिलं. टेबलावरून तिला त्याची पाठ दिसत होती. दोन नातवंडांना एका ओळीत आडवं करणारा माणूस पेनाचं टोपण काढून बसला. टोपण लावलं. निब पुसली. उठून खिडकी उघडली, पुन्हा बसला. मग बाहेर येऊन पाणी प्यायला. आज त्याने काही विचारलं नाही. ती घड्याळाकडे बघत होती आणि तो तिच्याकडे.

पावणेपाचला त्याने कागद आणून संगणकाजवळ ठेवला. हातात दिला नाही.

"घे. झालं समाधान?"

तिने वाचलं. 'जावई घरी परतला. उंबरठ्यावर त्याला दोन शिंका आल्या.' 'दोन'वर काट मारून बारीक अक्षरात 'एक' केलं होतं, मग 'आल्या'चं 'आली' आणि 'शिंका'चं 'शिंक'. शेवटी नंतर सुचल्यासारखा एक शब्द कोपऱ्यात दाटीवाटीने बसवला होता: 'धुळीमुळे.'

पालथ्या पानावर तिने हे पान पालथं घातलं, संगणक बंद केला, फोन समोर ओढला आणि डोळे मिटले.

आत बेसिनचा नळ सुरू झाला. साबणाची वडी हातातून निसटली, पुन्हा उचलली गेली. नळ थांबला, आणि परत सुरू झाला.

पाचला फोन वाजला, तेव्हाही नळ वाहतच होता.