बाकाखालची बादली

मॅनेजरने स्टॉपवॉच काढलं, तशी युनियनच्या मावशीने त्याच्यापुढे कागद धरला.

"आधी सही, साहेब."

"मावशी, एका दाराची रबरी पट्टी बसवायला तुम्हाला नव्वद सेकंद लागतात. दुसरा कारखाना सत्तरात बसवतो. नवीन गाडीचं काम तिकडे निघालंय, आणि तुम्ही सही मागताय?"

"वेळ वाचला म्हणून इथला एकही माणूस काढणार नाही, एवढंच लिहिलंय. सत्तरच्या आत नाही आलो तर फाडून टाका."

मॅनेजरने कागद दोनदा वाचला. काम गेलं तर त्याचीही खुर्ची जाणार होती. त्याने सही केली.

मावशीने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "काढा रे," ती म्हणाली.

थोरल्या फिटरने बाकाखाली हात घातला, चिंध्या बाजूला केल्या आणि एक बादली ओढली. पाण्यातून वाफ येत होती. आत पट्ट्या बुडवलेल्या होत्या.

कोरडी, ताठ पट्टी हातोडीने ठोकत बसवायची, असा कारखान्याचा नियम होता. फिटरने ओली पट्टी खालच्या कोपऱ्यात अडकवली. त्याने एका बाजूने अंगठा फिरवला, जोडीदाराने दुसऱ्या. वर दोघांचे अंगठे भेटले. पट्टी बसली होती.

मॅनेजरने घड्याळ पाहिलं. "पुन्हा करा."

पुन्हा केलं. तेच. बावन्न सेकंद.

"हे कुणी शोधलं?"

"आमच्या हिने," फिटर म्हणाला. "कुकरची रिंग ताठली की गरम पाण्यात टाकायची. तिनेच सांगितलं, रबर ते रबर, करून बघा." त्याने चिंधीला हात पुसले. "आता ती नाही. तिने हे सांगितलं त्याला अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं लपवून ठेवलंत?"

"पहिल्याच महिन्यात दाखवलं होतं की. आधीच्या साहेबांनी पाठ थोपटली आणि दोघांना घरी बसवलं. त्यातला एक माझा सख्खा भाऊ."

मॅनेजरने बादलीत बोटं बुडवून पाहिली.

एव्हाना आजूबाजूची माणसं काम सोडून गोळा झाली होती. मागून सीट बसवणारी बाई हात पुसत पुढे आली.

"साहेब, सही करायला पेन आहेच हातात, तर आमच्याही बाकाखाली एकदा वाकून बघा."