मोटर चालू

पंकजानं मोबाईलचं बटण दाबून धरलं आणि मनात दहापर्यंत आकडे मोजले. पडदा काळाच राहिला. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या सहादेवनं रोखून धरलेला श्वास सोडला.

"कधीपासून बंद आहे, काका?"

"सोमवार दुपारपासनं. आज गुरुवार. दवाखान्यातल्या समद्यांची चार्जरं लावून बघितली. ढिम्म!"

नगरच्या हाडांच्या दवाखान्यासमोरचं हे मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्याला तीन दिवस वरच्या खिडकीतून दिसत होतं. पण राहीबाईच्या मांडीत सळई बसवलेली. बायकोला तसं एकटं टाकून खाली उतरणार कसा? आज शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, जा, मी बघते, तेव्हा कुठे तो सुटला.

फोनचं त्याला एवढं काही नव्हतं. त्याचा जीव अडकला होता मिरजगावच्या शिवारातल्या कांद्याच्या रोपात. बारा दिवसांचं कोवळं रोप, आणि वर ऑक्टोबरचं ऊन. विहिरीवरच्या मोटरीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर होता. कुठूनही नुसता फोन लावला की तिकडे मोटर सुरू व्हायची आणि रोपावर तुषार उडायला लागायचे. त्या स्टार्टरची एकच खोड. त्यात नोंदवलेल्या नंबरावरून फोन आला तरच तो ऐकायचा. दुसऱ्या कुणी शंभरदा लावला तरी पठ्ठ्या हूं की चूं करायचा नाही. रोप गेलं म्हणजे दोन एकर कांदा गेला. राहीबाई रोज सकाळी डोळे उघडले की आधी विचारायची, "रोपाला पानी दिलं का?" आणि हा तोंड फिरवून सांगायचा, "दिलं की."

"सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं असतं, तरी काम झालं असतं," पंकजा म्हणाली.

सहादेव तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्या मोठ्या दवाखान्यात हे एकालाही सुचलं नव्हतं, आणि त्याला तर नव्हतंच नव्हतं.

"निदान गावात कुणाला तरी सांगायचं. आता लावा की माझ्या फोनवरून."

"नंबर कुनाचाच पाठ न्हाई, ताई. लेकीचा सुदीक मोबाईलातच."

हे खोटं होतं. एक नंबर त्याला स्वतःच्या नंबराइतकाच पाठ होता. थोरला भाऊ भिमाजी आणि तो, दोघांनी एकाच दिवशी मिरजगावच्या बाजारात कार्डं घेतली होती. सगळे आकडे तेच. फक्त शेवटी याचा सहा आणि त्याचा सात. तेव्हा विहीर दोघांची होती, मोटर दोघांची होती. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून दोघांचं फाटलं. भिमाजीनं रागाच्या भरात आपलं वेगळं बोअर घेतलं. सहादेव काय कमी? त्यानं भर पारावर सांगून टाकलं, "स्टार्टरमधनं तुझा नंबर काढला म्हून समज." तेव्हापासून बांधाला बांध असूनही बोलणं बंद होतं. तीन दिवस रोपासाठी त्याचा जीव तुटत होता, पण तो सात काही त्याच्या बोटानं दाबला जात नव्हता.

पंकजानं बारीक सुई घेऊन चार्जिंगच्या भोकात फिरवली. काळी माती निघाली, खिशातल्या धाग्यांचा गुंता निघाला, वर कांद्याचं एक बी निघालं.

"सगळं शेतच घेऊन फिरता की, काका!" ती हसली. मग तिनं ब्रश मारला, फुंकर घातली आणि चार्जर लावला. जरा वेळानं पडद्यावर बॅटरीचं चित्र उमटलं. "फोन मेला नव्हता तुमचा. चार्जिंग आतपर्यंत पोचतच नव्हतं."

फोन सुरू झाला. सहादेव घाईघाईनं मोटरीचा नंबर शोधायला लागला, तेवढ्यात टिंग झालं. पुन्हा टिंग. एकामागून एक मेसेज यायला लागले. मोटर चालू-बंद झाली की स्टार्टर मेसेज पाठवायचा. मंगळवारी सकाळी मोटर चालू, तासानं बंद. बुधवारी चालू, तासानं बंद. आजही सकाळी चालू, तासानं बंद. प्रत्येकाखाली फोन करणाऱ्याचा नंबर होता आणि प्रत्येकाच्या शेवटी सात.

नंबर काढायची रीत आपल्याला ठाऊक नाही, असं सहादेव दोन वर्षं स्वतःला सांगत आला होता. स्टार्टर बसवणाऱ्याला विचारता आलं असतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं. राहीबाईला दिलेलं उत्तर मात्र तिन्ही दिवस खरं ठरलं होतं.

"लावा की आता मोटर," पंकजा म्हणाली.

सहादेवनं एकेक आकडा दाबला आणि शेवटी सात दाबला. दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला.

"राही कशी हाय?" भिमाजीनं विचारलं.

"बरी हाय. दोन दिसांत सोडत्याल."

"रोप बी झ्याक हाय. मंगळवारी तुषार उडंना, तवा म्हनलं ह्याचा फोन बंद पडला आसंल. लावून बघितला, तर मोटर चालू झाली." भिमाजी थांबला. "माझा नंबर काढलाच न्हवता व्हय रं?"

सहादेवनं फोन कानाशी घट्ट दाबून धरला. पलीकडे भिमाजी खाकरला.

"आता झाला न्हवं तुझा फोन चालू? मग उद्यापासनं तू लाव मोटर."

सहादेवनं बाहीनं डोळे पुसले.

"न्हाई, दादा," तो त्याच फोनवरून म्हणाला, "फोन अजून बंदच हाय. उद्या बी तूच लाव."